आट्याची गाडी

अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे, चांदीचं नाहीतर पितळेचं निरांजन आणि ऐपत असली तर अंगठी द्यायची आमच्या ढोकीकडं रीत आहे. 2023 च्या अधिक श्रावणात धोंडे जेवायला आलेल्या आमच्या दाजींनी तुपात बुडालेला शेवटचा धोंडा संपवला, हात धुतले आणि जाहीर केलं, "अंगठी नको. मागं लिंबाखाली उभी आहे ती गाडी द्या."

घरात कुणी काही बोलेना. जावयानं अंगठीऐवजी म्हैस मागितली असती तर एकवेळ समजलं असतं. ही गाडी भंगारवाल्यानंसुद्धा 'पुढच्या फेरीला बघू' म्हणून टाळलेली.

"कोणती? आट्याची?" तात्यांनी विचारलं.

आट्याची गाडी म्हणजे आमचा 1986 सालचा मॅटाडोर. त्याच्या नाकाडावर इंग्रजीत 'मॅटाडोर' अशी सात चकचकीत अक्षरं होती. पहिलं एम लातूरच्या एका लग्नात कुणीतरी आठवण म्हणून नेलं. शेवटची तीन एका म्हशीनं नेली, म्हणजे म्हैस आडवी आली आणि अक्षरं गेली. मधे उरली ए, टी, ए. पोरांनी ती जोडून वाचली आणि गाडीचं बारसं उरकलं. या गाडीनं भाजी वाहिली, तेरणा कारखान्याचे कामगार वाहिले, वऱ्हाडं वाहिली, एकदा तर वाजत असलेला अख्खा बँड वाहिला. आटा तेवढा कधी वाहिला नाही.

जावयाला नाही म्हणायची सोय नसते. त्यात वाणातलं मागणं. गाडी दाजींची झाली, उभी राहणार आमच्याच लिंबाखाली आणि काम बघणार मी, अशी वाटणी माझ्या गैरहजेरीत ठरली. दाजी पिंपरी-चिंचवडला एका कंपनीतून निवृत्त झालेत. निवृत्त माणसाच्या हातात मोबाइल आणि सासुरवाडीत मेहुणा असला की त्याला जगातलं कोणतंही काम हाती घेता येतं.

त्यांना फिरतं घर करायचं होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. तुळजापूर, पंढरपूर, रामेश्वर, जिथं संध्याकाळ होईल तिथं मुक्काम. "सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय," असं ते अशा सुरात सांगत, की मंत्रिमंडळानं ते दाजींना विचारूनच केलं असावं. अक्कानं एवढंच विचारलं, "एका जागी उभ्या असलेल्या घराला झाडू मारून माझी कंबर गेली. आता पळत्या घराला मारू?"

पलंग, शेगडी, टाकी हे सगळं ढोकीच्या वेल्डरनं फारशी कटकट न करता बसवून दिलं. गाव बघायला लोटलं. पण फिरत्या घराचं ढोकीला फार कौतुक नाही. दरवर्षी हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या ट्रॉलीत चूल, बाज, पेटी, पाळणा, शेळी असा सगळा प्रपंच असतो. त्यातल्याच एका म्हातारीनं आत डोकावून सगळं नीट न्याहाळलं आणि दाजींना विचारलं, "कोंबड्या कुठं डालायच्या?" दाजींच्या नकाशात कोंबड्या नव्हत्या. "मग कसलं घर," म्हणून ती निघून गेली.

खरा वनवास घर झाल्यावर सुरू झाला. दाजींना एका रात्री मोबाइलवर साक्षात्कार झाला की जुन्या फिरत्या घराची किंमत त्याच्या शोभेच्या वस्तूंवर असते, आणि त्या वस्तू ओरिजिनल पाहिजेत. सकाळी सहाला फोन. "तुम्हाला कल्पना आहे का, आपली गाडी कोणत्या घराण्यातली आहे?"

घराणं थोर आहे, यात वाद नाही. जर्मनीत हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागात फिडाल नावाच्या कंपनीचा टेम्पोचा कारखाना होता. तिथं 1949 मध्ये पहिला मॅटाडोर निघाला. पुढं त्यांच्याशी सोयरीक करून फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, आपल्याकडं गाड्या काढल्या. तिकडं जर्मनीत याच गोतावळ्यातल्या गाड्यांत लोकांनी पलंग, पडदे, ओटे बसवून सुट्ट्या काढल्या. फोक्सवागनच्या डब्यात वेस्टफालिया कंपनी 1951 पासून घरं बसवून देत होती, त्यांच्या चौकटीच्या पडद्याचं कापड आता जसंच्या तसं पुन्हा विणून विकतात. अमेरिकेत तर शास्टा नावाची ओढत न्यायची घरगाडी आहे, तिच्या मागच्या अंगाला पत्र्याचे दोन पंख असतात. ते पंख हरवले म्हणून माणसं हळहळतात, हुबेहूब दुसरे बनवून घेतात. 2015 च्या सुमाराला कंपनीनं 1961 च्या नमुन्याबरहुकूम 1,941 गाड्या पुन्हा काढल्या, का, तर कंपनी 1941 मधली. अर्थात पंखांसकट.

"पंख कशाला?" तात्या म्हणाले.

"शोभेला."

"म्हंजे उडती का गाडी?"

"नाही हो तात्या. नुसते शोभेला."

तात्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग देतोत, तसं म्हणा की."

दाजींना हे फार आवडलं नाही. त्यांनी यादी केली. पुढची सात अक्षरं. चार व्हील कप. बाजूची चकाकती पट्टी. सीटचं तपकिरी रेक्झिन. खिडक्यांच्या पडद्याची स्प्रिंगची तार. आणि छतातला दिवा, दुधी काचेचा, कंगोऱ्याचा. या दिव्यावर त्यांचा विशेष जीव, कारण लग्नानंतर अक्काला घेऊन ते याच गाडीतून निघाले तेव्हा त्या दिव्याच्या उजेडात त्यांनी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, असं ते म्हणतात. अक्का म्हणते, दिवा बंद होता, त्याची वायर उंदरानं खाल्ली होती.

आता अडचण अशी, की आपल्याकडं गाडीतली ओरिजिनल वस्तू पहिल्या दिवशीच निघते. कंपनी गाडी देते, ती आपण दुरुस्त करून घ्यायची असते. मॅटाडोर आला त्या दिवशी तुळजापूरला पूजा झाली आणि परतीच्या वाटेवरच नायलॉनची झालर, प्लास्टिकच्या द्राक्षांचा घड, लिंबू-मिरची, आईसाहेबांचा फोटो आणि बैल बुजेल असा जादा हॉर्न चढला. घरात टीव्ही आला की त्याला झबलं शिवायचं, सोफा आला की त्याचं प्लास्टिक काढायचं नाही. ओरिजिनल जपायचं म्हणजे ते कुणाला दिसू द्यायचं नाही, असाच आपला रिवाज आहे. व्हील कप चोरीला जातील म्हणून तात्यांनी ते त्याच दिवशी काढून माळवदावर ठेवले. तिथून आजीनं उचलले. एकात कोंबड्यांना पाणी, एकात मांजराला दूध, तिसरा रांजणावर झाकण म्हणून बसला तो इतका फिट्ट, की कंपनीनं रांजणाचं माप घेऊनच काढला असावा. चौथ्याचा पत्ता नाही. दाजींनी तिन्ही कप हस्तगत केले. रांजण उघडा पडला म्हणून आई त्यांच्याशी दोन दिवस फक्त 'जेवा' आणि 'बसा' एवढंच बोलली.

"आणि दिवा कुठंय तात्या?"

"असंल कुठंतरी."

अक्षरांचं वळण, पट्टीची रुंदी, रंगाची छटा हे सगळं कळायला पुरावा पाहिजे. पुरावा म्हणजे फोटो. आणि त्या काळात गाडीचा म्हणून फोटो कुणी काढत नसे, लग्नात काढलेल्या फोटोत गाडी यायची. झालं, मी नातेवाइकांच्या लग्नाचे अल्बम गोळा करायला निघालो.

हे काम कुणावरही येऊ नये. अल्बम मागितला की आधी चहा येतो, मग अल्बम येतो, मग अल्बममध्ये कोण नाही याचा विषय निघतो. "बघा, आमच्या सासऱ्यांचा एक तरी फोटो हाय का? तुमच्याच चुलत्यानं कॅमेरावाल्याला तिकडं नेलं व्हतं." मी गाडी शोधतोय, समोरची वहिनी जुनी उधारी शोधतेय. एका घरी नवरा-बायकोचं माझ्यादेखत भांडण जुंपलं, कारण एका फोटोत नवऱ्यामागं उभी असलेली मुलगी कोण, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी भिंग लावल्यामुळं ते विचारलं गेलं. भिंग मी तिच्या मागच्या बंपरसाठी लावलं होतं.

बरं, गाडी प्रत्येक लग्नात होती. पण तिच्या नाकाडावर झेंडूचा हार, हाराच्या पुढं नवरदेव, नवरदेवाच्या पुढं करवली. जिथं नवरदेव नाही तिथं आमची थोरली आत्या. आत्यानं आयुष्यात एवढ्या लग्नांत एकाच जागी कसं उभं राहावं, हा संशोधनाचा विषय आहे. 'मॅटाडोर'मधलं डी दिसलं, की ओवर तिचा पदर. ओ दिसला, की आरवर तिची पिशवी. दाजींनी सगळ्या फोटोंवरून एकेक कोपरा जोडून अक्षरं कागदावर उतरवली. एम कुठंच मिळेना, म्हणून ते आत्याला भेटून आले आणि विचारलं, "तुम्ही बाजूला झाला असता तर मागं काय दिसलं असतं?" आत्या म्हणाली, "मला काय ठावं? मी पुढं बघत व्हते."

दरम्यान दाजींनी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि दाजी निवृत्त असल्यामुळं त्यांना दोन्ही वार मोकळे. तिथला संवाद त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मीच तिथं होतो असं वाटतं.

"मॅटाडोरच्या छतातला दिवा आहे का?"

"हा घ्या."

"हा फियाटचा आहे."

"लावला की मॅटाडोरचाच होतो. शंभर द्या."

"ओरिजिनल आहे का पण?"

"ओरिजिनल पाहिजे होय? मग चारशे."

दिवा तोच. दाजींनी चारशेला घेतला, कारण शंभरवाला त्यांना बनावट वाटला.

दिवा मिळेना म्हणून मन रमवायला आम्ही एकदा तेरला गेलो. सोबत आमचे निवृत्त गुरुजी होते, ज्यांनी ढोकीच्या दोन पिढ्यांना शुद्धलेखन शिकवलंय, निदान त्यांची तशी समजूत आहे. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात शिरलो. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून मलमल आणि जाडंभरडं कापड गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जातं. म्हणजे गाडीत संसार घालून महिनाभर फिरणारे आमच्या तालुक्यात तेव्हापासून आहेत, आणि रस्त्याची तक्रारही तेव्हापासूनच आहे. तेरला हस्तिदंताची एक बाहुली सापडली, थेट तिकडं इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेल्या बाहुलीच्या जातकुळीची. दाजी एकेका काचेपुढून जाता-जाता जास्तच गंभीर होत गेले.

"मणी सापडतात, मातीचे दिवे सापडतात, बाहुली सापडते," ते शेवटी फुटले, "आणि 1986 चा एक दिवा सापडू नये?"

"सापडंल की," गुरुजी म्हणाले. "अजून दोन हजार वर्षं झाली न्हाईत त्याला."

मूळ मिळत नाही तर हुबेहूब करून घेऊ, असं ठरलं. अक्षरांसाठी ओतारी गाठला. तो देवांचे मुखवटे आणि बैलांच्या घंटा ओततो. दाजींचा कागद त्यानं उभा धरला, आडवा धरला. "कोणत्या देवाचं म्हणायचं हे?" दाजींनी समजावलं. त्यानं लाकडाचे साचे कोरले, पेटीत बारीक वाळू चेपली, साचा दाबून काढला आणि मुशीतलं पितळ त्या खड्ड्यात असं अलगद सोडलं की दाजींना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घट्ट व्हायला थोडा वेळ गेला, कानशीनं कडा घासल्या, पिवळीधमक अक्षरं हातात आली. फक्त आर उलटा होता. कागद पारदर्शक होता आणि त्यानं तो मागून गिरवला होता.

"हे उलटं झालं की हो!"

"गाडीच्या आतनं बघा," ओतारी म्हणाला, "सरळ दिसतंय."

आर पुन्हा ओतला. मूळ अक्षरं हलक्या धातूची, ही भरीव पितळेची. चारही लावल्यावर पत्रा एका बाजूनं वाकला आणि आमचा मॅटाडोर प्रत्येकाकडं मान तिरकी करून बघायला लागला. मधली जुनी ए, टी, ए पांढुरकी, कडेची पिवळी. त्यामुळं आता लांबूनही आधी 'आटा'च वाचायला येतं.

रेक्झिनचं फार सांगत नाही. लातूरच्या दुकानदारानं तपकिरी रंगाचे इतके प्रकार दाखवले, की शेवटी आम्हाला खुद्द तपकीर कशी असते तेच आठवेना. दाजींनी मूळ सीटचा तुकडा सोबत नेला होता, तो दुकानदारानं नाकाजवळ नेला आणि पहिल्यांदा बाहेर ठेवायला सांगितलं.

मागच्या फळीवरची अक्षरं मात्र गाजली. ज्या पेंटरनं ती 1986 मध्ये रंगवली तो अजून आहे, पण त्याच्या दुकानात आता फ्लेक्स निघतात. ब्रश त्यानं पेटीच्या तळातून शोधून काढला. दाजींनी फोटो पुढं केला. फळीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, 'आई वडिलांचा आर्शिवाद'.

"चुकलंय ते," गुरुजी म्हणाले. "आशीर्वाद पाहिजे. रफार वावर, शी दीर्घ."

"चुकलं तरी ओरिजिनल आहे," दाजी म्हणाले.

"मी असल्या गाडीत बसणार न्हाई."

"पण गुरुजी, पेंटर तुमचाच विद्यार्थी ना?"

गुरुजी गप्प झाले. पेंटरनं ब्रश बुडवला, फळीवर हात टेकला आणि एका दमात लिहिलं: आशीर्वाद. बिनचूक. पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा बिनचूक. "इतकी वर्षं पत्रिका छापून हात बसलाय हो," तो काकुळतीला आला, "आता चुकीचं यायलंच न्हाई." शेवटी गुरुजींनाच शेजारी बसून एकेक अक्षर सांगावं लागलं. रफार शीवर, शि ऱ्हस्व. जन्मभर लाल शाईनं जे खोडलं, ते गुरुजी स्वतःच्या तोंडानं सांगत होते. पेंटर मान खाली घालून लिहीत होता. नंतर दोघंही चहा घेतल्याशिवाय गेले.

खाली 'हॉर्न ओके प्लीज' पाहिजे, असं दाजींचं म्हणणं. पेंटर म्हणाला, 2015 मध्ये परिवहन खात्यानं ते बंद केलंय, तेव्हापासून धंदा बसला. "ते व्यावसायिक गाड्यांना," दाजींनी ठणकावलं. "आपली गाडी घरगुती आहे."

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात व्हिंटेजचं भरवलं. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. आमच्या गाडीची पन्नाशी 2036 मध्ये. शिवाय आत पलंग आणि ओटा वेल्ड केलेला असताना मूळ रूप कोणतं म्हणायचं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा दाजी सात्त्विक संतापानं म्हणाले, "आत्मा ओरिजिनल आहे!"

अक्का भाजी निवडत होती. "गुडघे बदललेत, दात बसवलेत, केसांना दर पंधरवड्याला काळं लावायचं," ती भाजीलाच सांगत होती. "आन् गाडीला म्हणं एक पट्टीसुदिक दुसरी नको."

शेवटी एकदाची चाचणीची फेरी ठरली. ढोकीहून मुरूडपर्यंत आणि परत. दाजी चालवायला, अक्का शेजारी, मागं पलंगावर मी आणि गुरुजी; फळीवरचं दिसू नये म्हणून ते पुढून चढले. छतात जुन्या बाजारातला चारशेचा फियाट. चौकात दाजींनी काच पुसायला गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. आता ढोकीच्या चौकात लातूरकडं तोंड करून मॅटाडोर धडधडत उभा असला, तर त्याचा अर्थ लोक काय घेणार? मी 'अहो, हे घर आहे' म्हणेपर्यंत दार उघडलं आणि माणसं आत. दोघं ओट्यावर, एक पाण्याच्या टाकीवर, एक पोरगं सिंकमध्ये. "सरका की वो पुढं," म्हणत एक आजीबाई पलंगावर माझ्या आणि गुरुजींच्या मधे बसल्या आणि दहाची नोट अक्काकडं दिली. अक्कानं ती घेतली. सवयीनं घेतली, का घरखर्चाला म्हणून, ते सांगता येत नाही. वर ओरडली, "अजून एकाची जागा हाय!"

दाजी आरशातून बघत होते. चेहऱ्यावर घरात दरोडा पडल्याचा भाव. पण गाडी हलली तशी चांगली पळत होती, आणि प्रवाशांतला एक जण म्हणाला, "गाडी लई झ्याक सजवलीय," तेव्हा ते जरा सैल झाले. आजीबाई मान वर करून छताकडं बघत होत्या.

"ह्यो दिवा बदलला का?"

"का हो आजी?" दाजींनी वेग कमी केला.

"न्हाई, आदुगर पांढऱ्या काचंचा व्हता. कंगोऱ्याचा. आमच्या गोठ्यात हाय की. म्हस याया झाली व्हती, अंधारात दिसंना, तर तुमच्या सासऱ्यांनी काढून दिला."

गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. सिंकमधलं पोरगं नळावर आपटलं.

"गाव कोणतं तुमचं?"

गाव मागं राहिलं होतं. दाजींनी तिथंच गाडी वळवायला घेतली. मागं गलका उठला, "ओ, मुरूडला म्हणून बसलोत आमी!" अक्का मोजून दहा-दहाच्या नोटा परत करायला लागली, तर ओट्यावरचा एक जण म्हणाला, नोट राहू द्या, काय भानगड हाय ते बघूनच जातो. दाजींचं कुणाकडं लक्षच नव्हतं. ते आजीबाईंकडं वळून कधी नव्हे इतक्या अदबीनं विचारत होते, "देता का मग तो दिवा? म्हणाल ती किंमत देतो. बदली दुसरा नवा बसवून देतो."

आजीबाईंनी फियाटच्या दिव्याकडं एकवार बघितलं आणि नाक मुरडलं.

"न्या की. पर म्हशीला त्येच्याच उजेडात पान्हा फुटतोय. बदली द्यायचा आसंल तर आसलाच द्या. ह्यो चालायचा न्हाई."